टायखाली गेलेले प्रश्न

वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्याचे परिणाम सगळ्यात जास्त माझ्या बाबांना भोगावे लागले.

उत्तेजनार्थ म्हणजे शेवटचा नंबर, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माइकसमोर उभं राहून दाखवावं. त्याआधी मी हजेरीला ‘हजर’ न म्हणता नुसता हात वर करणारी मुलगी होते. माझा आवाज घशातून निघून ओठांपर्यंत पोचेस्तोवर बाई पुढच्या नंबरवर गेलेल्या असायच्या. बक्षीस मिळाल्यावर मात्र मला सगळ्या विषयांवर मत आलं. पाणी कसं प्यावं, यावरही आलं. आत्मविश्वास कसा कमवावा हे मला कोणी विचारलं नव्हतं, पण विचारलंच तर उत्तर तयार होतं, आणि तयार उत्तर घेऊन गप्प बसणं किती अवघड असतं हे ज्याचं त्यालाच माहीत.

नेमके अशा वेळी बाबा इंटरव्ह्यू देऊन घरी आले.

“कसा झाला?” आईने विचारलं.

“चांगला झाला,” बाबा बूट काढत म्हणाले. “सगळी उत्तरं आली. मग ते म्हणाले, आता तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?”

“मग?”

“मी म्हटलं, नाही, काही नाही.”

“बरं.”

“मग खोलीत जरा जास्तच शांतता झाली. म्हणून म्हटलं, पाणी छान होतं.”

आईने त्यांच्या हातातली फाइल घेतली आणि कपाटावर ठेवली. त्या फाइल ठेवण्यातच निकाल होता. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरचे टायकाका रीतसर निकाल घेऊन आले. टायकाका कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, टाय मात्र अजून सुटलेला नाही, आणि त्यांची शहरातल्या प्रत्येक ऑफिसात कोणी ना कोणी ओळख असते. ते म्हणाले, “माणूस भला वाटला, पण उत्सुकता दिसली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. काही विचारलंच नाहीत म्हणे तुम्ही.”

माझ्या बाबांनी काही विचारलं नाही. माझ्या बाबांनी. हे ऐकून मी आणि आईने एकमेकींकडे जे पाहिलं, ते तुम्हाला कळायचं असेल तर आमच्या घरात कात्री कशी मिळते हे आधी सांगायला हवं.

बाबा वीस-बावीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. पुढे कारखाना दुसऱ्या गावी गेला आणि जाताना बाबांना न्यायचं विसरला, असं आई म्हणते. बाबा घरी बसले ते स्टोअर घेऊनच बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना खण दिले, दुसऱ्या आठवड्यात औषधांना, आणि तिसऱ्या आठवड्यात घरातली कात्री, टेप, हातोडी, टॉर्च असं सगळं एका कपाटात कुलूपबंद झालं. किल्ली बाबांच्या खिशात. तेव्हापासून कात्री मागायला गेलं की अशी चौकशी होते:

“कशासाठी हवी?”

“शाळेचं प्रोजेक्ट.”

“किती वेळ?”

“अर्धा तास.”

“परत येताना कोणत्या स्थितीत येईल? गेल्या वेळी गेली तेव्हा पात्यांना डिंक नव्हता.”

हे तीन प्रश्न चुकत नाहीत. कशासाठी, किती वेळ, परत कशी. आईने एकदा भाजी चिरायची सुरी मागितली तेव्हाही विचारले होते. त्या दिवशी भाजी झाली नाही. आई म्हणाली, “या घरात सुई हवी असेल तर आधी वकील करायला पाहिजे.”

आणि हा माणूस परक्या ऑफिसात जाऊन म्हणतो, पाणी छान होतं.

गंमत बाजूला ठेवली तर प्रकरण गंभीर होतं. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांचं दुसऱ्या गावात नळसामानाचं दुकान आहे. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. “किती दिवस असा बसणार आहेस, छोट्या? सरळ इकडे ये. गल्ल्यावर मी आहेच, तू बाजूला स्टूल घे.” बाबा चौपन्न इंच छातीचे आहेत, त्यांना छोट्या म्हटलं की ते खरोखर छोटे व्हायचे. आईबाबांचं ठरलं होतं की माझी परीक्षा होईपर्यंत काही जमलं नाही तर स्टूल. म्हणजे नवं गाव, नवी शाळा आणि हजेरीला नुसता हात वर करणारी मी, पहिल्यापासून.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती. जुन्या नोकरीत बाबा घरी यायचे ते बूट काढता काढता झोपायचे. एक बूट पायात, एक हातात. लहानपणी मी त्यांचं चित्र काढलं होतं तर त्यात डोळे मिटलेलेच काढले होते. बाबा घरी बसल्यापासून मात्र मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर भाषणाचा सराव करायचे आणि ते खुर्चीत ताठ बसून पूर्ण ऐकायचे. शेवटी ‘हे वाक्य जरा हळू परत दे,’ असं म्हणायचे. उत्तेजनार्थ बक्षीस त्यातून आलंय. तर त्यांना नोकरी मिळावी, हे तर झालंच. पण नोकरीने बाबा परतही द्यावेत, अशी माझी एक आतली अट होती.

म्हणून बाबांना दुसऱ्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, त्या संध्याकाळी मी जाहीर केलं, “या वेळी तुम्ही प्रश्न विचारायचे. तयारी मी घेणार.”

“विचारले असते गं,” बाबा म्हणाले, “पण त्या खोलीत गेल्यावर एकही आठवत नाही.”

“भाषणाचे मुद्दे मी कसे लक्षात ठेवते? एकेक मुद्दा एकेका बोटावर.”

“बोटांचं मला जमायचं नाही. मला खण लागतो. वस्तू विसरेन, खण विसरणार नाही.”

खण. मी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाला वरपासून खालपर्यंत बटणं होती, एकाखाली एक, समान अंतरावर. एवढं व्यवस्थित रॅक घालून माणूस रोज हिंडतो आणि त्याचा उपयोग करत नाही, याचंच मला नवल वाटलं.

तर पहिलं बटण: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे? दुसरं: माझं काम कोण पाहणार? तिसरं: माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेले? चौथं: काम चांगलं झालं हे तुम्ही कसं ठरवता? पाचवं: अडलं तर कोणाला विचारायचं? सहावं: निकाल कधी कळवाल? सहावं बटण पॅंटच्या आत जात होतं. आई म्हणाली, “तो प्रश्न तिथे शोधू नका, एवढं माझं ऐका.” तो आम्ही कॉलरच्या बटणाला दिला.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण आमच्या इमारतीत भिंती पातळ आहेत आणि माणसं प्रेमळ.

समोरच्या काकू दुसऱ्याच दिवशी वाटी परत द्यायला आल्या, ती वाटी आमची नव्हती. “भाऊजी, ते मोठे मोठे प्रश्न राहू देत,” त्या म्हणाल्या. “मी नोकरी सोडली ती कशापायी माहीतय? तिथल्या बाथरूमला आतून कडी नव्हती. सहा महिने गाणं म्हणत बसायचे. कडी आहे का, हे आधी विचारा.”

“असं कसं विचारणार, वहिनी?”

“नोकरी लागल्यावर विचारणार आहात का, गाणं म्हणत म्हणत?”

कडी छातीवरच्या खिशाच्या बटणाला गेली. मग बाबा केस कापायला गेले तर कापणाऱ्याने कात्री थांबवून सांगितलं की साहेब चिडका आहे का हे थेट साहेबालाच विचारावं, तोंडाने काहीही म्हणू दे, कानाच्या पाळ्या खरं सांगतात. तो डाव्या बाहीला. टायकाकांनी ‘येत्या पाच वर्षांत आपल्या संस्थेची वाटचाल कोणत्या दिशेने राहील’ असा प्रश्न दिला आणि तो उजव्या बाहीला बसेना, इतका लांब होता. शेवटी वाटचाल उजव्या बाहीला आणि दिशा कोपराला, असं भागवलं.

मग रंगीत तालीम. टायकाका साहेब झाले. त्यांनी आमची जेवणाची खुर्ची खिडकीशी लावली, म्हणजे उजेड बाबांच्या डोळ्यांवर यावा, आणि पहिल्या तालमीत बाबांना नाकारलं. दुसऱ्या तालमीतही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “काका, आज निदान होकार देऊन पाहा. त्यांना होकाराचीही सवय हवी.”

“खुर्चीत बसल्यावर मला खोटं बोलता येत नाही,” टायकाका म्हणाले. “हे प्रश्न विचारतात, पण प्रश्न विचारताना स्वतःच्या पोटाकडे बघतात. समोरच्याला वाटतं, पोट दुखतंय.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिने विचारलं, “साखर किती? आणि नंतर गोळी घ्यायची आहे का तुम्हाला, की घेऊन आलात?”

टायकाका बाबांना म्हणाले, “हे बघा. मोजकं आणि मुद्द्याचं. वहिनी, तुमची निवड झाली.”

बाबांचा चेहरा पडला. घरातल्या घरात, स्वतःच्याच जागेवर, स्वतःच्याच बायकोने आपल्याला मागे टाकावं, हे कोणालाही लागेलच. आईने त्यांना दोन बिस्किटं जास्त दिली. ती त्यांनी खाल्ली, पण मानाने.

तरी सराव चालूच राहिला आणि शेवटच्या संध्याकाळी बाबा बटणांकडे न पाहता, नुसतं बोट फिरवून सगळे प्रश्न धडाधड म्हणू लागले. मी त्यांच्यासमोर खुर्चीत ताठ बसून ऐकलं आणि म्हणाले, “तिसरं जरा हळू परत द्या.” बाबा हसले. मला वाटलं, जिंकलो.

इंटरव्ह्यूच्या दिवशी माझ्या शाळेत कसलीशी दुसरी परीक्षा होती म्हणून आम्हाला सुट्टी. आई दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते, तिला सुट्टी नाही. त्यामुळे बाबांबरोबर जाणार मी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले, बटणं कशी चकचकत होती. आणि टायकाका टाय घेऊन आले.

त्यांचा स्वतःचा. निळा, बारीक ठिपक्यांचा, निवृत्तीच्या दिवशी घातलेला. “भाग्याचा आहे,” ते म्हणाले. नाही कसं म्हणणार? पण टायकाकांना टाय फक्त स्वतःच्याच गळ्यात बांधता येतो. म्हणून त्यांनी तो आधी स्वतःला बांधला, मग सैल करून डोक्यावरून काढला, बाबांच्या डोक्यावरून घातला आणि ओढला. गाठीने क्क असा आवाज केला आणि ती बसली. कायमची बसली. आई घाईघाईत म्हणाली, “छान दिसताय.” मी म्हणाले, “एकदम साहेब.” आम्ही चार शहाणी माणसं त्या टायकडे कौतुकाने बघत होतो आणि त्या टायच्या मागे काय आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

ती कंपनी आजारी माणसांसाठी सामान भाड्याने देणारी होती. वर-खाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या. फाटकावर पहारेकरी होता.

“कोणाला भेटायचं? कशासाठी? किती वेळ लागेल?” त्याने एका दमात विचारलं.

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही खूप वर्षांनी सख्खा भाऊ भेटलाय. त्यांनी तिन्ही उत्तरं क्रमाने दिली.

“आणि ही कोण?”

“माझी मुलगी.”

“इंटरव्ह्यू तुमचा की तिचा?”

“माझा.”

“मग हिचं काय काम?”

“मार्गदर्शन,” मी म्हणाले.

पहारेकऱ्याने पासाचा कागद उलटसुलट केला. “पाहुणे आहे, उमेदवार आहे, माल आणणारे आहे. मार्गदर्शन नाही.” त्याने आत फोन लावला. आतून कळलं की दुसऱ्या टेबलाला विचारा. दुसरं टेबल म्हणालं, हे फाटकाचं काम आहे, फाटकाने ठरवावं. मी म्हटलं, मला पाहुणी करा. तो म्हणाला, पाहुण्याला आत ओळखणारं कोणी लागतं. बाबा म्हणाले, मी ओळखतो. तो म्हणाला, तुम्ही अजून आत गेलेला नाहीत. हे तर खरंच होतं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी पहारेकऱ्याला पासाच्या तळाशी एक जागा सापडली.

“सोबत आणलेले साहित्य,” त्याने वाचलं. “नग?”

“एक,” बाबा म्हणाले.

“बाबा.”

“थांब गं. उशीर होतोय.”

“वर्णन?”

“पिवळा ड्रेस, दोन वेण्या.”

“बाहेर जाताना दाखवायचं. आत राहिलं तर जबाबदारी तुमची.”

“स्थितीही लिहून घ्या,” बाबा म्हणाले. “आणताना कसं होतं ते लिहिलेलं बरं. नंतर वाद नको.”

पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लिहिलं: चांगली. वक्तृत्वात उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेली मी, सामान म्हणून आत गेले.

इंटरव्ह्यूच्या खोलीला काचेची भिंत होती आणि दार पूर्ण मिटत नव्हतं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत एक मॅडम होत्या, चष्मा केसांवर ठेवून कागद डोळ्यांजवळ धरून वाचणाऱ्या, आणि एक गोदामाचे साहेब, ज्यांच्या कानाच्या पाळ्या आधीपासूनच लाल होत्या. बाबांनी उत्तरं छान दिली. पलंगाचे सुटे भाग कसे ठेवाल, चाकं कशी मोजाल, सगळं त्यांना येत होतं. मी बाकावर पाय हलवत होते. मग मॅडम म्हणाल्या, “आता तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?”

बाबांनी आत्मविश्वासाने पहिल्या बटणाकडे बोट नेलं.

तिथे टाय होता.

त्यांनी बोट खाली नेलं. टाय. आणखी खाली. टाय. त्यांनी तो बाजूला सारला, तो परत आला. त्यांनी गाठ सैल करायचा प्रयत्न केला, ती वर सरकली आणि बाबांचा रंग बदलायला लागला. मी काचेबाहेर उभी राहिले आणि माझ्या छातीवर बोट आपटून दाखवू लागले, एक, दोन, तीन, म्हणजे त्यांना निदान क्रम आठवावा. बाबांनी माझ्याकडे पाहून स्वतःची छाती चोळली.

“बरं वाटत नाहीये का?” साहेबांनी विचारलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी. मी डोळेच मिटले.

“आणि ती बाहेरची मुलगी,” मॅडम म्हणाल्या, “तिला काही होतंय का?”

“ती माझी आहे,” बाबा म्हणाले. “सोबत आणलेलं साहित्य.”

बाह्या त्यांना सुचल्याच नाहीत, पण त्याच वेळी छातीवर त्यांच्या बोटाला एक बटण सापडलं, जे टायखाली गेलेलं नव्हतं. छातीवरच्या खिशाचं. त्यांनी ते बुडत्या माणसासारखं घट्ट धरलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “बाथरूमला आतून कडी आहे का?”

मी बाकावर बसले. मनातल्या मनात मी स्टुलाची उंचीसुद्धा मोजली.

“आहे,” साहेब म्हणाले.

“नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “दोन महिन्यांपासून तुटलेलीच आहे. मी चार वेळा सांगितलंय तुम्हाला.”

“मला वाटलं लागली.”

“मी रोज दाराला पाय लावून बसते, सर.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या आणखी लाल झाल्या. पण बाबांकडे पाहिलं तर त्यांच्या खांद्यांचं काहीतरी झालं होतं. ते खाली आले होते. घरी कपाटाची किल्ली खिशातून काढतात तेव्हा असतात तसे. त्यांनी टायचा नाद सोडला, दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“माझे प्रश्न पाठ होते, ते आता आठवत नाहीत,” ते म्हणाले. “पण स्टोअरमधून वस्तू देताना आम्ही तीन गोष्टी विचारतो. त्याच विचारू का?”

“विचारा,” मॅडम म्हणाल्या.

“कशासाठी हवाय? किती वेळ हवाय? आणि परत देताना कोणत्या स्थितीत असेल?”

“काय?” साहेबांनी विचारलं. “पलंग?”

“मी,” बाबा म्हणाले.

मी बाकावरून परत उठले. मला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं.

साहेबांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. “कशासाठी म्हणजे, स्टोअरसाठी. दिलेल्या खुर्च्या वेळेवर परत येत नाहीत, कोणाला विचारलं तर सांगता येत नाही. किती वेळ म्हणाल तर साडेनऊपासून काम संपेपर्यंत.”

“काम संपेपर्यंत असं आम्ही लिहून घेत नाही, साहेब,” बाबा म्हणाले, अगदी आदराने. “काम संपेपर्यंत म्हणून एकदा शिडी दिली होती. ती अजून आलेली नाही.”

मॅडमनी तोंडावर कागद धरला. साहेबांना हसू आलं नाही. “तिसरा प्रश्न मला कळला नाही,” ते म्हणाले.

“माझ्या आधी इथे जे होते, ते घरी कसे परत गेले?”

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे. मग मॅडम म्हणाल्या, “पहिले होते ते रात्री नऊ-नऊपर्यंत थांबायचे. एकदा उभ्या उभ्या चक्कर आली, आपल्याच चाकाच्या खुर्चीतून घरी पोचवलं. दुसरे एक दिवस घरी गेले ते कामावर परत आलेच नाहीत.”

“मी काही राक्षस नाही,” साहेब म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. “मीही थांबतो नऊपर्यंत. माझ्याही घरी माणसं आहेत.”

“तसं नाही, साहेब. तुम्ही वाईट, असं म्हणत नाही मी.” बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि, बरं झालं, त्याविषयी काही बोलले नाहीत. “मी आधीच्या ठिकाणी असाच होतो. घरी पोचायचो ते निम्मा. बूट काढायचंही सुचायचं नाही. आता ही बाहेर उभी आहे ना, तिला संध्याकाळी मी चालू स्थितीत लागतो. ती भाषण करते. तिला समोर कोणीतरी जागं बसलेलं लागतं. मोडका माणूस परत घ्यायला आमच्या घरी जागा नाही, एवढंच.”

मला वाटत होतं की बाबांना यातलं काहीच माहीत नाही. इतके दिवस मी ती अट आत जपून ठेवली होती, आणि ती त्यांच्याही कपाटात होती, त्याच खणात.

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, “बाहेर बसा जरा.”

बाबा बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. टाय त्यांच्या हनुवटीला टेकला होता. आम्ही दोघांनीही समोरच्या भिंतीकडे बघायचं ठरवल्यासारखं भिंतीकडे पाहिलं. तिथे कुबड्यांचं चित्र होतं.

“घालवलं ना मी?” ते म्हणाले.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “पण तिसरं जे होतं ना, ते एकदम योग्य वेगाने दिलंत.”

काचेपलीकडे दोघांची वादावादी दिसत होती. मॅडम घड्याळाकडे बोट दाखवत होत्या, साहेब दाराकडे, बहुधा कडीविषयी. मग साहेब उठून स्वतः बाहेर आले. बाबा उभे राहिले, मीही राहिले.

“सहा वाजता,” साहेब म्हणाले. “सहाला सोडेन. महिनाअखेरीला साडेसहा होतील.”

“महिनाअखेरीला साडेसहा, कबूल,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही निघालात की मलाही सांगत जा. मला कोणी सांगतच नाही.” एवढं म्हणून ते घाईघाईने गोदामाकडे गेले. जाताना त्यांच्या कानांचा रंग माणसासारखा झालेला मी पाहिला. केस कापणाऱ्याचं शास्त्र मला मानावंच लागलं.

मग आम्हा दोघांना आत बोलावून मॅडम नेमणुकीचं सगळं समजावून सांगू लागल्या. बाबांचा श्वास नीट चालेना म्हणून मॅडमनी टेबलावरची कात्री पुढे केली. “कापून टाका तो टाय.”

“नको,” बाबा म्हणाले. “उसना आणलाय. आणला तसा परत द्यायचाय.”

मग मॅडमनी चष्मा केसांवरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे वळल्या. “आणि तुला, मार्गदर्शक बाई? तुला काही विचारायचं आहे का आम्हाला?”

हीच ती वेळ होती. माझ्याकडे सहा बटणं, एक कॉलर, दोन बाह्या आणि एक कोपर भरून प्रश्न होते. शिवाय माझ्यासमोर नुसती दोन माणसं, माइकसुद्धा नाही. मी तोंड उघडलं. आवाज घशातून निघाला आणि वाटेत कुठेतरी बसला.

“नाही,” मी म्हणाले. “काही नाही.”

त्या वाट बघत राहिल्या. खोलीत जरा जास्तच शांतता झाली.

“पाणी छान होतं,” मी म्हणाले. मी प्यायलेही नव्हते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण फाटकापर्यंत जाईस्तोवर त्यांचे खांदे हलत होते, आणि मग माझेही हलायला लागले, आणि मग मला हसता हसता रडू यायला लागलं, कारण परीक्षा झाल्यावर आता कुठेही जायचं नव्हतं. रविवारी फोन येईल तेव्हा बाबा उभे राहून बोलतील. शाळा तीच. बाक तोच. हजेरीला ‘हजर’.

पहारेकऱ्याने पास मागितला, चष्म्यावरून मला पाहिलं आणि कागदाशी ताडून बघितलं.

“साहित्य एक नग. बरोबर.” मग थांबला. “डोळे लाल आहेत. आत जाताना नव्हते.”

“ते आमच्याकडून झालंय,” बाबा म्हणाले. “चालेल.”

त्याने ‘चांगली’ या शब्दापुढे बरोबरची खूण केली. “आणि तुमचं? आता परत कधी?”

“सोमवारी. रोजच.”

“किती वेळ?”

बाबांनी गळ्यातल्या गाठीत बोट घालून जेवढा घेता येईल तेवढा श्वास घेतला.

“सहापर्यंत,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”